शहाजोग म्हणजे नक्की कसा माणूस?

दुरुस्तपान
फोंड्याकडच्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेची मुद्रितं तपासायला आली आहेत. पोर्तुगीज राजवटीतला एक जुना मृत्युलेख त्यात जसाच्या तसा घ्यायचा आहे. वाचनालयाला जागा देणाऱ्या व्यापाऱ्याला त्यात ‘शहाजोग गृहस्थ’ म्हटलंय. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो शब्द गाळा, नातवंडांना वाटेल आजोबांना ढोंगी ठरवलं. दुसरा म्हणतो जुना मजकूर आहे, कानामात्रा हलवू नका. मला हवंय ते एवढंच: तेव्हाचा अर्थ काय, आताचा काय आणि छापताना करायचं काय. मजकूर पुढच्या आठवड्यात छपाईला जातोय, तेव्हा ‘भाषा प्रवाही असते’ छाप उत्तरं कृपया नकोत.

तिठ्यावरचा
शहाजोग म्हणजे अतिशहाणा. आमच्याकडे ‘व्हड शाणो’ म्हणतात तोच. विषय संपला.

खतावणी
संपला नाही, बाब. शहाण्याशी त्याचं साम्य पहिल्या दोन अक्षरांपुरतं. शब्द बाजारातला आहे, हुंडीच्या व्यवहारातला.

‘शहा’ म्हणजे इथे राजा नव्हे. संस्कृत साधु, प्राकृत साहु, आणि त्यातून आपला साव. ‘चोर आणि साव’ मधला. सावकार हा त्याच घरातला शब्द. पेढ्यांवर जो शाह, तो हाच: बाजारात पत असलेला, चारचौघांना ठाऊक असलेला व्यापारी. ‘जोग’ म्हणजे योग्य. सांगण्याजोगा, नावाजण्याजोगा यांतला. हुंडीच्या मजकुरात त्याचा अर्थ ‘ज्याला द्यायची तो’ असा होई. धनीजोग म्हणजे मालकालाच द्यायची. नामजोग म्हणजे नाव लिहिलंय त्याला किंवा तो सांगेल त्याला. शहाजोग म्हणजे कोणा तरी शहालाच द्यायची, ऐऱ्यागैऱ्याला नाही.

दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी हा भेद वेगळा. तो पैसे कधी द्यायचे याचा, आणि शहाजोग-धनीजोग हा कोणाला द्यायचे याचा. त्यामुळे दर्शनी शहाजोग हुंडी असू शकते, मुदती शहाजोगही.

तिठ्यावरचा
हुंडी म्हणजे देवळातली ना? मग शहाला कशाला, देवाला द्या.

खतावणी
ती दक्षिणेकडच्या देवळांतली हुंडी. आपल्या गोव्यात तिला फंडपेटी म्हणतात. इथली हुंडी कागदाची. पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे, तिने मुंबईच्या पेढीवर चिठ्ठी लिहून द्यायची, मुंबईत ती दाखवून पैसे घ्यायचे. रोकड घेऊन वाटेने जायची भीती नाही. या कामाचा मोबदला म्हणजे हुंडणावळ.

आता मुद्द्याचं. शहाजोग हुंडी हातोहात फिरायची. पुण्याहून निघालेली चिठ्ठी चौघांच्या हातून जाऊन मुंबईत पोचली, तरी वटवायला शेवटी शहाच लागे. शहाने आधी चौकशी करायची: आणणारा कोण, त्याच्याकडे ती कशी आली, अक्षर आणि लिहिण्याची धाटणी त्या पेढीची आहे का. मग तो ती सकारायला, म्हणजे मान्य करून घ्यायला नेणार. ज्याच्यावर हुंडी काढलीय तो इसम लिहिणाऱ्याकडून आलेल्या सूचनापत्राशी ताळा बघणार. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून ती आकड्यांत, अक्षरांत आणि शिवाय निम्मी सांगून दुप्पट अशी लिहीत. हजाराची हुंडी असेल तर ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’. कोणी एक शून्य वाढवलं तरी निम्मी रक्कम त्याचं भांडं फोडणार.

एवढं करूनही हुंडी बनावट निघाली तर? पैसे देणारा शहाला धरे, आणि शहाने रक्कम व्याजासकट परत करायची. पैसे देणाऱ्याने शहा सोडून भलत्याच माणसाला ते दिले असतील तर मात्र नुकसान त्याचं. शहाजोग म्हणवून घेणं फुकटचं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. नाव लावलं की जोखीम आली.

हे निव्वळ रिवाजावर चाले. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) आला तेव्हाही पहिल्याच कलमात म्हटलं की देशी भाषांत लिहिलेल्या अशा दस्तऐवजांबाबतचे स्थानिक रिवाज या कायद्याने बाधित होणार नाहीत. वकिलीच्या पुस्तकांत शहाजोग हुंडी आजही दिसते ती त्यामुळे.

दुरुस्तपान
म्हणजे मृत्युलेखात ती शाबासकीच आहे.

खतावणी
अर्थात. ‘बाजारात ज्याच्या शब्दावर पैसे मिळतात असा माणूस’. व्यापाऱ्याबद्दल याहून मोठं काय लिहिणार?

मोडीवाचक
छापण्याबद्दल. शब्द गाळू नका आणि बदलूही नका. ‘प्रतिष्ठित’ घातलंत तर मजकूर जुना राहत नाही. तळटीप द्या, आणि ती आटोपशीर ठेवा: ‘शहाजोग: बाजारात पत असलेला, भरवशाचा (जुना अर्थ).’ हुंडीचा सगळा इतिहास तळटिपेत ओतू नका, लोक मृत्युलेख सोडून तळटीपच वाचत बसतात. तारांकन पहिल्याच ठिकाणी. तोच शब्द पुढे परत आला तर पुन्हा नाही.

दुसरं, मूळ छापील अंक मिळाला तर शुद्धलेखन मूळचंच ठेवा. शहाजोग, शाहाजोग, शाहजोग अशी तिन्ही रूपं आढळतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाची काटेकोर चाड नसते, आणि मोडीवरून बाळबोधीत उतरवणाराने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेलं असतं. कोशात बघताना याच कारणाने माणसं हात हलवत परततात. एकाच रूपाखाली शोधतात, नाही म्हणून सोडून देतात. मोल्सवर्थ (१८३१, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे (१९३२ ते १९३८ मधले सात खंड, १९५० ची पुरवणी) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे ‘शाहा’ असं अर्धंच टंकून खालच्या नोंदी चाळा. छापील खंड बघायचे तर पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय जवळचं.

जुना अर्थ की नवा, हे शेजारच्या शब्दावरून सहसा कळतं. व्यापारी, सावकार, जामीन, साक्षीदार, असामी यांच्या शेजारी असला तर जुना. सल्ला, प्रश्न, आव, सूर, उपदेश यांच्या शेजारी असला तर नवा. ‘गृहस्थ’ मात्र दोन्हीकडे चालतो. तुमची पंचाईत झाली ती तिथेच.

शेवंती
मोडीवाचक, तळटिपेतला ‘भरवशाचा’ हा शब्द छान. पण शाबासकीची शिवी झाली कशी? हुंड्या बंद पडल्या एवढ्यानेच?

मोडीवाचक
तेवढं पुरेसं नाही. मराठीला ही खोडच आहे. चांगल्या माणसाचं विशेषण घ्यायचं आणि वाकडं तोंड करून म्हणायचं. ‘शिष्ट’ म्हणजे मूळचा सुसंस्कृत, शास्त्र शिकलेला. आज शिष्ट म्हणजे शेजाऱ्याशी न बोलणारा. ‘महाशय’, ‘महात्मा’, ‘पंडित’ यांचीही तीच गत, सूर बदलला की संपलं. शहाजोग तर वापरातून गेलेला शब्द होता. ज्याचा व्यवहार उरला नाही त्या शब्दाला उपरोधाशिवाय दुसरं काम राहत नाही.

खतावणी
मला यात आणखी एक दिसतं. पूर्वीचा शहाजोग पत दाखवायचा आणि जोखीमही घ्यायचा. आताचा पत तेवढी दाखवतो. सल्ला देतो, पण सल्ला बुडीत निघाला तर व्याजासकट परत करायला तो कुठे असतो? ‘ढोंगी’ म्हटल्याने जी गोष्ट निसटते ती इथे नेमकी पकडली जाते.

अंत्रुजकर
+१. आता आजच्या वापराकडे.

शहाजोगपणाला तीन गोष्टी लागतात. बोलणारा स्वतःला भला, निःपक्ष, सभ्य म्हणून उभा करतो. तो दुसऱ्याला काहीतरी सुचवतो, विचारतो किंवा शिकवतो. आणि त्या बोलण्यामागचा आपला लाभ किंवा आपला त्यातला हात तो झाकून ठेवतो. तिसरी गोष्ट नसेल तर शब्द लागू होत नाही, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

नमुना घ्या, ग्रामसभेतला. एक इसम उठून म्हणतो: ‘शेजाऱ्यांनी शेतात मातीचा भराव घातला त्याला माझा व्यक्तिशः विरोध नाही. पण पुढच्या पिढीच्या हाती आपण काय देणार, याचा विचार गावाने करावा असं मला मनापासून वाटतं.’ आणि याच इसमाचा स्वतःच्या जमिनीचा झोन बदलून घेण्याचा अर्ज नगरनियोजन खात्यात पडलेला, २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात घातलेल्या, झोन बदलू देणाऱ्या ३९-अ कलमाखाली.

वाक्य सोडवून बघा. ‘व्यक्तिशः विरोध नाही’ म्हणजे हात झटकले, उद्या शेजाऱ्याने जाब विचारला तर सुटका. ‘पुढची पिढी’ आली की बोलणारा आपोआप उंच पाटावर बसतो. ‘गावाने करावा’ म्हणजे काम दुसऱ्याच्या गळ्यात. ‘मनापासून’ हा वर मारलेला शिक्का. शहाजोग बोलण्यात ‘आपलं’, ‘सहज’, ‘काळजीपोटी’, ‘तुमच्याच भल्यासाठी’ हे शब्द पेरलेले असतात, आणि ‘मी’ कर्ता म्हणून क्वचित येतो.

कुळागर
अंत्रुजबाब, हा तर सरळ दांभिक झाला. बोलतो एक, करतो एक. वेगळा शब्द कशाला?

अंत्रुजकर
दंभ म्हणजे आत-बाहेर फरक. तो गप्प राहूनही करता येतो. टिळा लावून बसला, पुरे. शहाजोगपणाला समोर दुसरा माणूस लागतो, ज्याला शिकवायचं आहे. ग्रामसभेत तो इसम काहीच न बोलता बसला असता आणि घरी येऊन अर्ज भरला असता, तर शहाजोग नव्हता. आणि उभं राहून ‘माझाही अर्ज आहे, तरी सांगतो, हे थांबवायला हवं’ म्हणाला असता तर दांभिकही नव्हता. फार तर विसंगत.

शेवंती
एकाच प्रसंगावर सगळे शब्द लावून बघू. विषय फेणी, म्हणजे गोव्यात सगळ्यांना कळेल.

बाटली स्वतः संपवून ‘अरेच्चा, कोणी प्यायली?’ विचारतो तो साळसूद. तोच संध्याकाळी पोरांना दारूचे दुष्परिणाम समजावतो तो शहाजोग. ‘आमच्या घरी फेणीचा वाससुद्धा चालत नाही हो’ म्हणून नाक मुरडणारा सोवळा. दारू सोडवण्याचा ताईत विकतो तो भोंदू. ‘तुमच्यासारखा निर्व्यसनी माणूस विरळा’ म्हणत गोड हसून पेला पुढे करतो तो मानभावी. दारूबंदीच्या सभेत अध्यक्ष आणि रात्री गुत्त्यात गिऱ्हाईक, तो दांभिक. आणि ढोंगी हा यातल्या कोणालाही म्हणता येतं. म्हणूनच लिहिताना तो शेवटी हाताशी घ्यावा.

कुळागर
हे पटलं. पण सोवळा आणि शहाजोग यांत मला अजून गोंधळ वाटतो. दोघेही स्वतःला शुद्ध समजतात.

शेवंती
सोवळ्याचा लाक्षणिक अर्थ लागायला खरं सोवळं कसं पाळत ते बघा. धुतलेलं वस्त्र उंच वळणीवर काठीने वाळत घालायचं आणि काठीनेच काढायचं, मध्ये कोणाचा हात लागता कामा नये. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी असेल तर रोज धुवावी लागत नसे, पण ओवळ्याचा स्पर्श तिलाही चालत नसे. सगळी मदार अंतरावर. सोवळं टिकतं ते लांब राहून.

तेव्हा ‘सोवळेपणाचा आव’ म्हणजे लांब असल्याचा दावा: आम्ही नाही बुवा त्यातले. ‘मी नाही त्यातली, कडी लाव आतली’ ही म्हण याचीच. शहाजोग मात्र जवळ येतो. खांद्यावर हात ठेवतो. सोवळा तुमच्यापासून अंग चोरतो, शहाजोग तुमच्या अंगणात येऊन तुम्हाला झाडू कसा धरायचा ते सांगतो.

गोव्याच्या राजकारणावर लिहिणाऱ्यांना हा फरक रोज लागेल. २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. अशा वेळी ‘आमच्या पक्षात हे कधी होणार नाही’ म्हणणारा सोवळेपणा करतो. ‘मतदारांनी आता तरी निष्ठावान माणसं निवडायला शिकावं’ असं स्वतः दोन पक्ष फिरून आलेला माणूस सांगत असेल तर तो शहाजोगपणा. दुसऱ्या वाक्यात दोष मतदारावर ढकललाय, बघा.

तिठ्यावरचा
मग सगळ्या टीकाकारांना शहाजोगच म्हणा. पर्यावरणवाले येऊन खाणींवर भाषण देतात ते काय वेगळे?

अंत्रुजकर
हा या शब्दाचा सर्वांत मोठा गैरवापर. ज्याचा त्यात लाभ नाही आणि जो उघडपणे आपल्या नावाने बोलतो, तो तुम्हाला न पटणारं बोलला तरी शहाजोग नव्हे. चुकीचा असेल, उद्धट असेल, अर्धवट माहितीचा असेल. त्यासाठी वेगळे शब्द आहेत. खाणीवर बोलणाऱ्याला शहाजोग म्हणायचं तर त्याचा झाकलेला संबंध दाखवावा लागेल. मग तो ट्रकांचा धंदा असो, जमिनीचा सौदा असो की निवडणुकीचं तिकीट.

मोडीवाचक
आरोप करणाराही तपासावा लागतो, हे फार जुनं आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात बकव्रती आणि बैडालव्रतिक असे दोन प्रकारचे ढोंगी सांगितलेत. एक बगळ्याचं व्रत घेतलेला, मान खाली घालून नम्र दिसणारा. दुसरा मांजराचं, धर्माचा झेंडा लावून हावरेपणा करणारा. महाबलीपुरमच्या मोठ्या शिल्पपटात तप करणारं मांजर आणि भोवतीचे उंदीर कोरलेले आहेत.

आणि महाभारताच्या उद्योगपर्वात हीच मांजराची गोष्ट कोण कोणाला सांगतं? दुर्योधन उलूकाकरवी निरोप पाठवतो, तो युधिष्ठिराला. तू त्या तपस्वी मांजरासारखा आहेस म्हणून. ढोंगीपणाचा आरोप हे दुर्योधनाचंही आवडतं हत्यार होतं.

कुळागर
हे माहीत नव्हतं. भारी!

काळा_कोट
वर्तमानपत्रात पत्रं लिहिणारे इथे बरेच दिसतात, त्यांच्यासाठी थोडं.

नाव घेऊन एखाद्याला ‘भोंदू’ लिहिलंत तर तुम्ही त्याच्यावर फसवणुकीचा आरोप करताय. तो सिद्ध करण्याची तयारी ठेवा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात बदनामी कलम ३५६ खाली येते. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. सार्वजनिक प्रश्नावर किंवा लोकसेवकाच्या सार्वजनिक वागणुकीवर सद्भावनेने मत मांडणं हा अपवाद त्याच कलमात आहे. पण ‘सद्भावना’ म्हणजे आधी खात्री करून घेतलेली असणं. माझ्या मनात वाईट नव्हतं, एवढ्यावर भागत नाही.

त्यामुळे विशेषण माणसाला न लावता बोलण्याला लावा. ‘अमुक हे शहाजोग आहेत’ पेक्षा ‘अमुक यांचा हा सल्ला शहाजोगपणाचा आहे, कारण…’ हे सुरक्षितही आणि चांगलं मराठीही. ‘कारण’ नंतर कागद यायला हवा: अर्जाचा क्रमांक, जाहिरातीची तारीख, सभेचं इतिवृत्त. कागद नसेल तर विशेषणही काढा.

जाता जाता, २०२२ च्या जुलैत लोकसभा सचिवालयाने असंसदीय शब्दांची जी पुस्तिका काढली तिच्यात ढोंगीपणाचा इंग्रजी शब्दही होता. गदारोळ झाल्यावर अध्यक्षांनी खुलासा केला की शब्दांवर बंदी नाही, कामकाजातून पूर्वी काढून टाकलेल्या शब्दांचं ते फक्त संकलन आहे. शहाजोग त्यात होता असं कोणी ऐकलं नसेल.

दुरुस्तपान
तळटीप मोडीवाचक यांनी दिली तशीच घेतली, समितीने मान्य केली. आता माझ्या कामाचा दुसरा प्रश्न. ‘मानभावी’ हा शब्द स्मरणिकेतल्या एका नव्या लेखात तीनदा आलाय. तो ठेवावा का?

मोडीवाचक
मी काढला असता. मानभावी हा महानुभाव या नावाचा अपभ्रंश आहे. चक्रधरस्वामींचा तेराव्या शतकातला पंथ, ज्याच्या म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहून मराठी गद्याचा पाया घातला. पंथाबद्दलच्या पूर्वग्रहातून ‘मानभाव’ म्हणजे वरून गोड आणि आतून कपटी असा अर्थ रूढ झाला. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ या म्हणीत तर दोन समाज एका दगडात घायाळ होतात. पंथाचे अनुयायी आजही आहेत. स्मरणिका त्यांच्याही घरी जाईल.

शेवंती
मला हे टोकाचं वाटतं. आज मानभावी लिहिणाऱ्या शंभरातल्या कितींना पंथ आठवतो? आणि बदली शब्द कोणता? साळसूद हा निरागसतेचं सोंग, शहाजोग हा हितचिंतकाचं सोंग. मानभावी हे आदराचं सोंग आहे. ती जागा दुसरा शब्द भरत नाही.

मोडीवाचक
वापरणाऱ्याला आठवत नाही, ज्याला लागतो त्याला आठवतं. ‘तोंडदेखला आदर’, ‘गोडबोलेपणा’, ‘वरकरणी नम्रता’ असं दोन शब्दांत लिहिता येतं. एका शब्दाची बचत कोणाच्या नावावर करायची, हा प्रश्न आहे.

शेवंती
‘गोडबोलेपणा’त आदर येत नाही. असो. कथेत पात्राच्या तोंडी मी ठेवीन, संपादकीय मजकुरात टाळीन. इतपत मान्य.

दुरुस्तपान
संपादकीय मजकूर आहे. काढतो.

कुळागर
कोकणीत शहाजोगला काय म्हणायचं? एका स्तंभाचं मराठीतून कोकणीत रूपांतर चाललंय.

अंत्रुजकर
एका शब्दात बसवायला जाऊ नका. ‘बरेपणाचो आव हाडून’ असं क्रियेने सांगा, वाक्य चालतं. ‘शाणेपण’ घालू नका, तिठ्यावरच्यांनी वर केलं तेच होईल. शाण्याला हुशारीची घमेंड असते. शहाजोगाला सज्जनपणाची. ‘सोवळेपण’ही नको, त्याची कारणं शेवंतीताईंनी दिलीत.

तिठ्यावरचा
बरं, मीच आता परीक्षा देतो. पाच वाक्यं. गुण द्या.
‘सरकारने शहाजोगी भूमिका घेतली.’
‘ती बाई मोठी शहाजोगी आहे.’
‘कॅसिनोच्या जाहिराती छापणाऱ्या अंकातच जुगाराविरुद्ध शहाजोगपणे अग्रलेख लिहिला.’
‘त्याने बसमध्ये शहाजोगपणे खिसा कापला.’
‘डॉक्टरांनी पेशंटला शहाजोगपणे सिगारेट सोडायला सांगितलं.’

अंत्रुजकर
पहिलं: ‘शहाजोग भूमिका’. शहाजोगी हे रूप हुंडीपुरतं राहू द्या, म्हणजे वाचकाचा गोंधळ होत नाही.

दुसरं: लिंगाने बदलत नाही. शहाजोग बाई, शहाजोग बुवा, शहाजोग बोलणं. ‘-जोगा’ हा प्रत्यय बदलतो (सांगण्याजोगी गोष्ट), पण इथे तो प्रत्यय राहिला नाही, आख्खा शब्द झालाय.

तिसरं: अगदी बरोबर. फक्त जाहिरात कोणत्या पानावर होती ते सांगा, काळा कोट वर म्हणतात तसं.

चौथं: चूक. खिसा कापताना कोणी उपदेश करत नाही. कापून झाल्यावर शेजारच्याकडे बघून ‘काय झालं हो?’ म्हणाला तर साळसूदपणे. ‘पाकीट नेहमी पुढच्या खिशात ठेवावं’ असं समजावून खाली उतरला तर मात्र शहाजोग म्हणायला माझी हरकत नाही.

तिठ्यावरचा
आणि डॉक्टर? ते स्वतः दिवसाला पाकीटभर ओढतात समजा.

खतावणी
तरीही नाही. सल्ला देणं हे त्यांचं काम, खाली सही त्यांची, आणि औषध चुकलं तर पेशंट त्यांनाच धरणार. सिगारेट ओढतात हा त्यांच्या फुफ्फुसांचा प्रश्न. त्याच दवाखान्याच्या दारात पानटपरी त्यांच्या मेहुण्याच्या नावावर असेल तर परत विचारा.